विषाला गाव असते

जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला जैवतंत्रज्ञान हा शब्द परका राहिलेला नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात टिश्यू कल्चरच्या रोपांवर केळीच्या बागा उभ्या आहेत. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यापासून बियाण्याच्या पाकिटातून प्रयोगशाळा घरात येते, हे पारोळ्या-धुळ्याच्या कोरडवाहू कापूसवाल्यालाही कळून चुकले आहे. रोपाचा दर, बोंडअळी, बनावट बियाणे यांवर तो तासभर बोलेल. याच शास्त्राची आणखी एक वस्तू त्याच्या जिवाशी बांधलेली आहे, पण तिच्याबद्दल त्याला सहसा कुणी काही सांगत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ती असते: पांढरी पावडर भरलेली काचेची छोटी कुपी. लोक तिला ‘सापाचं इंजेक्शन’ म्हणतात, डॉक्टर ‘एएसव्ही’. ती घोड्याच्या रक्तातून तयार होते, तिच्यामागे सव्वाशे वर्षांचे संशोधन आहे, आणि त्या संशोधनातला मोलाचा भाग महाराष्ट्रात झाला आहे.

या पुस्तकाचा विषय ते संशोधन आणि ते करणारी माणसे हा आहे. मराठीत सापांवर पुष्कळ लिहिले गेले. साप कसा ओळखावा, कोणता विषारी, कोणता बिनविषारी, साप दूध पितो की नाही, पुंगीवर डोलतो का, यावर पिढ्यान्पिढ्या लेखक-सर्पमित्रांनी मेहनत घेतली आणि तिचा उपयोगही झाला. विषाचे मात्र तसे झाले नाही. साप चावल्यावर शरीरात काय घडते, औषध कसे बनते, ते कधी कमी पडते, विंचवाच्या विषावर खेड्यातल्या दवाखान्यात लागलेला शोध जगभर कसा पोहोचला, हे सारे इंग्रजी नियतकालिकांत राहिले. ज्यांच्या पायाला दंश होतो आणि ज्यांच्या भाषेत हे ज्ञान यायला हवे होते, ते दोन्हीकडून वंचित.

खान्देशाच्या वाचकाला या विषयाची निकड वेगळी पटवावी लागत नाही. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्री येते. केळीला पाणी धरायला माणूस अंधारात बागेत उतरतो. खोडांखाली ओला पाचोळा, पाचोळ्यात उंदीर आणि बेडूक, त्यांच्या मागावर साप. कपाशीच्या वेचणीत बाया वाकून, पाय न बघता ओळीने पुढे सरकतात. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतल्या पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांवर जमिनीवरच अंथरूण पडते, आणि मण्यार हा रात्री फिरणारा साप नेमका झोपलेल्या माणसाला चावतो. त्याच्या दाताची खूण पुष्कळदा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, रात्री काही बाधले. भगताकडे नेण्यात दोन तास जातात आणि तोवर श्वासाचे स्नायू थकलेले असतात.

आकडे पाहिले तर हा खान्देशापुरता प्रश्न नाही हे कळते. देशभरातल्या मृत्यूंच्या कारणांचा घरोघरी जाऊन शोध घेणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’च्या आधारे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेल्याचा अंदाज मांडला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत, निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सर्वाधिक भार वाहणाऱ्या राज्यांच्या यादीतले मध्य प्रदेश आणि गुजरात खान्देशाला खेटून आहेत, आणि साप काही सीमा तपासणी नाका पाहून थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाच्या विषबाधेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या सर्वांत वरच्या गटात घातले आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. भारत सरकारची राष्ट्रीय कृती योजना मार्च २०२४ मध्ये आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. सव्वाशे वर्षे औषध हाताशी असलेल्या आजाराची साधी मोजणी सुरू व्हायला २०२४ उजाडावे लागले, ही गोष्ट जरा थांबून विचार करण्यासारखी आहे.

औषधाची जन्मकथा सायगॉनहून सुरू होते. १८९१ च्या सुमारास त्या परिसरात पुरामुळे नाग एका वस्तीत शिरले आणि अनेकांना दंश झाला. सायगॉनच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या आल्बेर काल्मेतच्या मनात या घटनेने प्रश्न पेरला: घटसर्पावर जनावराच्या रक्तातून उतारा मिळतो, तर विषावर का मिळू नये? १८९४ मध्ये पॅरिसमध्ये त्याने आणि स्वतंत्रपणे फिझालिक्स व बर्त्रां यांनी त्याचे उत्तर जाहीर केले. जनावराला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची, ती हळूहळू वाढवायची, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे काढून माणसाला द्यायची. तत्त्व आजही तेच आहे. काल्मेत एका ठिकाणी मात्र चुकला. नागाच्या विषावरचे आपले औषध सगळ्याच सापांवर चालेल असे त्याला वाटत होते.

ती चूक दाखवून देणाऱ्यांत मुंबईचे परळ होते. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज लॅम्ब आणि विल्यम हॅना यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला घोणशीच्या विषाचा अभ्यास केला आणि नागाचे प्रतिविष घोणशीच्या विषावर चालत नाही हे लॅम्बने प्रयोगांनी दाखवले. ऑस्ट्रेलियात सी. जे. मार्टिन आणि ब्राझीलमध्ये व्हिताल ब्राझील याच निष्कर्षाला पोहोचले. ब्राझीलने त्यावर साओ पावलोत बुतांतान ही मोठी संस्था उभारली. प्रत्येक मुलखाच्या सापाला त्याच मुलखाचा उतारा लागतो, हा या शास्त्रातला पहिला मोठा धडा आहे. तो पुन्हा पुन्हा विसरला गेला आणि दर वेळी विसरण्याची किंमत खेड्यातल्या माणसाने मोजली. या पुस्तकाचा धागा हाच आहे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे हाफकिनमध्ये चार सापांवर एकत्र चालणारे प्रतिविष बनू लागले. नाग, मण्यार, घोणस (विदर्भ-खान्देशात हिलाच परड म्हणतात) आणि फुरसे हे ते चार. ‘बिग फोर’ हे नाव पुढे सगळीकडे रूढ झाले. हाफकिनच्या सर्पालयात डॉ. पी. जे. देवरस यांनी वर्षानुवर्षे सापांचे विष काढले, कोणत्या सापाकडून किती विष मिळते याच्या नोंदी ठेवल्या आणि त्या आंतरराष्ट्रीय ग्रंथात छापून आल्या. १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढलेले त्यांचे भारतातील सापांवरचे इंग्रजी पुस्तक सामान्य वाचकाने हाती धरावे असे होते. महाराष्ट्रातले विंचू, त्यांचा प्रसार आणि बंदोबस्त यांवरही त्यांनी १९६१ मध्ये लिहिले. हाफकिनचे संचालक राहिलेले डॉ. बी. बी. गायतोंडे औषधशास्त्राच्या बाजूने आले. विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी भरते, या घातक अवस्थेवर त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राणिशास्त्र, औषधशास्त्र आणि लसनिर्मिती एका आवारात नांदण्याचा हा काळ होता. उत्पादनाचे काम वेगळ्या महामंडळाकडे गेले. घोडे पिंपरीत, संशोधन परळला, रुग्ण जिल्ह्याजिल्ह्यांत, अशी फारकत झाली आणि ती आजही पुरती मिटलेली नाही.

पण या क्षेत्रातले महाराष्ट्राचे सर्वांत मोठे काम मुंबईत झाले नाही. ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी या गावी सुरू झाले, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, १९७६ साली. तिथे नेमणुकीवर आलेले तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. जालना जिल्ह्याची उत्तर सीमा जळगावला लागते, तेव्हा खान्देशाने त्यांना शेजारचे म्हणायला हरकत नाही. गरिबीतून नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा त्यांचा प्रवास ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या त्यांच्या आत्मकथनात आहे. पुढे ते पुण्याच्या बी. जे. महाविद्यालयातून एम. डी. झाले. इथे पाहायचे ते त्यांच्या कामाच्या पद्धतीकडे.

कोकणात लाल विंचवाचा सुळसुळाट. इंगळी म्हणून ओळखला जाणारा मोठा काळा विंचू भयानक दिसतो, पण त्याच्या दंशाने सहसा माणूस मरत नाही. मारतो तो बोटभर लांबीचा लाल. दंश झालेला माणूस दवाखान्यात येई तेव्हा त्याला घाम फुटलेला असे, उलट्या होत असत, हातपाय गार पडलेले असत. मग रक्तदाब चढे, काही तासांनी हृदय थकून फुफ्फुसात पाणी भरे आणि तोंडाला फेस येऊन तो जाई. तेव्हाचा उपचार म्हणजे वेदनाशामके, अ‍ॅलर्जीची औषधे, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन. कधी जे हाताशी असेल ते. बावस्करांच्या प्रकाशित नोंदींनुसार गंभीर रुग्णांतले शंभरातले २५ ते ३० दगावत. त्यांनी एक गोष्ट धरून ठेवली: रुग्णाच्या खाटेशेजारी बसायचे आणि तासातासाला लिहायचे. नाडी, रक्तदाब, घाम, पायाचे तापमान. कोणती लक्षणे आधी येतात आणि कोणत्या लक्षणांनंतर हृदय खचते याचा त्यांनी लावलेला माग १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. आरोग्य केंद्रात ना ईसीजीची सोय धड, ना रक्ततपासणीची. जे होते ते घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि वही.

उत्तर मिळाले ते शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडण्यासारखे होते, पण तिथे कुणी पाहिले नव्हते. विंचवाचे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवते. त्यामुळे अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात अक्षरशः लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलावे लागते. मग वाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? प्राझोसिन हे रक्तदाबाचे जुने, स्वस्त, तोंडाने घ्यायचे औषध. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ते वापरून पाहिले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या टिपणाने विंचूदंशाचा उपचार बदलला. प्राझोसिन नियमित वापरू लागल्यावर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले, असे त्यांचे पुढचे अहवाल सांगतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे त्या टिपणानंतर ३६ वर्षांनी.

यावर सगळ्यांचे एकमत झाले असे मात्र नाही, आणि एकमत झाले असते तर हे शास्त्र इतके रंजक झाले नसते. मुंबईत डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी इन्सुलिनची बाजू मांडली: विषामुळे शरीराचे इंधनाचे गणित कोलमडते, ते इन्सुलिन आणि ग्लुकोजने सावरावे. तिसरा पंथ प्रतिविषाचा. हाफकिनने लाल विंचवाच्या विषावरही प्रतिविष तयार केले आणि चिपळूणचे डॉ. व्ही. एस. नातू यांनी सहकाऱ्यांसह ग्रामीण रुग्णालयातला त्याचा अनुभव २००६ मध्ये मांडला. विषाचे परिणाम थोपवत बसण्यापेक्षा विषच का निकामी करू नये, हा त्यांचा मुद्दा. बावस्करांनी याला उत्तर दिले ते वादाने नाही, चाचणीने. महाडमध्ये त्यांनी ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनी दुसऱ्या गटातल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे होते, पहिल्यातले ८. निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. आपल्याच औषधाची मर्यादा आपल्याच चाचणीतून जगापुढे ठेवणारा संशोधक विरळा. पुस्तकातला सर्वांत तपशीलवार भाग या तीन पंथांच्या वादाचा आहे आणि तो तसाच असायला हवा. विज्ञान कसे पुढे सरकते हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणे मराठी मुलखात फार नाहीत.

आता घोड्यांकडे वळू. प्राण्यांच्या जैवतंत्रज्ञानाचा विषय निघाला की लोकांना कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये जन्मलेली क्लोन केलेली म्हैस आठवते, किंवा गोठवलेल्या वीर्याने संकरित गाय गावोगाव नेणारी उरुळीकांचनची बाएफ. पण या शास्त्राची सर्वांत जुनी आणि आजही रोज जीव वाचवणारी शाखा घोड्याच्या पागेत आहे. निरोगी घोड्याला काही आठवडे-महिने वाढत्या मात्रेत विष देतात. रक्त काढतात, त्यातला द्रव वेगळा करून तांबड्या पेशी पुष्कळदा घोड्याला परत देतात. द्रवातली प्रतिपिंडे पेप्सिनने तोडून त्यांचा कामाचा भाग ठेवतात, म्हणजे माणसाला अ‍ॅलर्जीचा धोका कमी होतो. मग ते थिजवून वाळवतात. ही पावडर जळगावसारख्या, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठणाऱ्या जिल्ह्याला सोयीची, कारण द्रवरूप औषधासारखी तिला सतत फ्रीजची गरज नसते. विरघळवल्यावर दर मिलिलिटरने नागाचे आणि घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचे आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावे, असे प्रमाण ठरलेले आहे. पिंपरी, अंबरनाथ, नारायणगाव. देशातल्या प्रतिविषाचे काही मोठे कारखाने महाराष्ट्रात आहेत. नारायणगावला तर कारखान्याच्या बरोबरीने सर्पदंशाच्या उपचारात आयुष्य घातलेले डॉ. सदानंद राऊत यांच्यासारखे डॉक्टरही आहेत. द्राक्ष आणि तमाशासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाची ही बाजू शेजारच्या तालुक्यांतही फारशी माहीत नसते.

घोड्यांचे हाल हा या गोष्टीचा अवघड भाग आहे. एखाद्या मुक्या जनावराला आयुष्यभर विष टोचून माणूस वाचवायचा, हे नैतिक कोडे पुस्तकाने टाळलेले नाही, हे बरे झाले. त्यावर भाबडे उत्तरही दिलेले नाही, हे आणखी बरे. जोवर पर्याय बाजारात नाही तोवर घोड्याची निगा, मात्रेची मर्यादा आणि पागेची नियमित तपासणी, एवढे तरी कसोशीने व्हावे.

कुपीत भरलेल्या उताऱ्याचा मूळ घटक म्हणजे विष, आणि ते येते तामिळनाडूतून. १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळा आदिवासींची सहकारी संस्था उभी राहिली. पूर्वी सापाच्या कातड्यासाठी साप पकडणारे हे लोक १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बेकार झाले होते. आता ते साप पकडतात, विष काढतात आणि साप परत सोडतात. उत्तम योजना. देशातल्या बहुतेक प्रतिविषाला विष इथून मिळते. प्रश्न असा की, तामिळनाडूच्या मोजक्या जिल्ह्यांतल्या नागाच्या विषावर बनलेला उतारा तापीकाठच्या नागाला पुरा पडतो का?

गेल्या काही वर्षांत याचा छडा लागू लागला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने देशाच्या वेगवेगळ्या भागांतून नाग, घोणस, मण्यार, फुरसे आणि ‘बिग फोर’च्या बाहेरचे सापही तपासले. २०१९ ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांतून दिसले की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि बाजारातले प्रतिविष काही भागांतल्या नमुन्यांवर लक्षणीय कमी पडते. शंभर वर्षांपूर्वी परळला जो धडा मिळाला तो जातीजातींमधला होता. आता तो एका जातीच्या आत, जिल्ह्याजिल्ह्यांपर्यंत उतरला. हे दुर्लक्ष किती महाग पडते याचे उदाहरण आफ्रिकेत मिळते. घानाच्या एका ग्रामीण भागात आधीच्या प्रतिविषाऐवजी भारतात बनलेले नवे प्रतिविष वापरले गेले, तेव्हा दंशातले मृत्यूचे प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेले. औषध भेसळीचे नव्हते, ते तिथल्या सापाला जुळणारे नव्हते. खान्देशातल्या डॉक्टरला दहा कुप्यांऐवजी वीस लागतात तेव्हा तो रुग्ण उशिरा आला असे म्हणतो. बहुधा खरेच उशिरा आलेला असतो. पण प्रत्येक वेळी कारण तेच असेल का, हे तपासायला जळगाव किंवा धुळ्याच्या सापांच्या विषाचा स्वतंत्र, नियमित अभ्यास लागेल.

नव्या पिढीचे संशोधन घोडा आणि साप दोघांनाही वगळण्याच्या दिशेने निघाले आहे. २०२० मध्ये भारतीय नागाचा जीनोम प्रसिद्ध झाला. ३८ गुणसूत्रे, विषाशी संबंधित १३९ जनुके, आणि त्यांतली १९ मुख्यत्वे विषग्रंथीतच सक्रिय असणारी. माणसाला मारणारी मोजकी प्रथिने कोणती, हे कळले की नेमक्या त्यांवर प्रतिपिंडे बनवता येतात. २०२४ मध्ये बंगळुरू आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या गटांनी प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड दाखवले. नागवर्गीय सापांच्या एका मोठ्या मज्जाविष गटावर ते उंदरांमध्ये चालले. पुढच्याच वर्षी अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर रचलेली, निसर्गात नसलेली प्रथिने याच विषांना रोखतात असे दाखवले. यातले काहीही अजून आरोग्य केंद्राच्या कपाटात नाही आणि लवकर येईल असेही नाही. उत्साही बातम्यांच्या पुरात हे पुस्तक वाचकाला तेवढे सावध ठेवते.

विषाची दुसरी बाजूही आहे. ब्राझीलच्या एका सापाच्या विषातल्या घटकापासून धागा मिळून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध आले. हृदयविकाराच्या झटक्यात वापरले जाणारे टिरोफिबान फुरशाच्या विषातल्या प्रथिनाचा अभ्यास करून रचलेले आहे. ज्या फुरशांना इंग्रजी अमलात रत्नागिरीत इनाम लावून लाखांनी मारले, त्याच फुरशांच्या. घोणशीचे विष रक्त गोठवते म्हणून १९३०च्या दशकात लंडनमध्ये मॅकफार्लेन यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला ते वापरले. आजही रक्त गोठण्याच्या एका तपासणीत ते लागते. आपल्या लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिन जगभरच्या प्रयोगशाळांत पोटॅशियमच्या एका खास दरवाजाचा अभ्यास करायला वापरले जाते. विंचू आपला, नाव स्पेनचे वाटावे असे, शोध अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेचा. यात कुणाची लबाडी नाही. आपल्याकडे त्या वेळी तशी यंत्रे आणि त्यावर बसणारी माणसे कमी होती, इतकेच.

तेव्हा हे पुस्तक शास्त्रज्ञांची चरित्रे म्हणून वाचता येईल, पण तेवढ्यावर ते थांबत नाही. विष, जनावर, औषध आणि रुग्ण या चार गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत विभागल्या गेल्या आहेत. त्यांना एकत्र पाहणारी माणसे तुरळक झाली आणि जेव्हा झाली तेव्हा काम पुढे गेले, असा लेखकाचा दावा आहे. देवरस सापाकडून विषाकडे गेले, गायतोंडे औषधाकडून विषाकडे, बावस्कर रुग्णाकडून विषाकडे, सुनगर उत्क्रांतीकडून. वाटा चार, पण प्रत्येकाला कुठेतरी प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडून शेतात किंवा वॉर्डात जावे लागले. पुस्तकाची उणीव सांगायची तर ती समुद्राची: कोकणकिनारी सापडणाऱ्या विषारी शंखशिंपल्यांवर, समुद्री सापांवर अगदी थोडे आहे. मधमाशा, गांधीलमाश्या तर जवळपास नाहीतच. पण कोरडवाहू मुलखाच्या वाचकाला ही तक्रार जाणवणार नाही.

तांत्रिक शब्दांची भीती वाटणाऱ्यांनी मधली रसायनशास्त्राची पाने सोडून पुढे जायला हरकत नाही. मात्र प्रथमोपचाराचे भाग कुणीही सोडू नयेत. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, अवयव हलू देऊ नका आणि वेळ न घालवता प्रतिविष असलेला दवाखाना गाठा. दवाखान्यातली एक तपासणी तर कुठल्याही आरोग्य केंद्रात होऊ शकते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनून त्याने रक्त गोठवणारे घटक संपवले आहेत असे धरायचे. यंत्र नको, वीज नको.

राहिला प्रश्न खान्देशाचा. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीपासून आहे, जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले, आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जीवशास्त्राचा विभाग आहे. रुग्ण आहेत, साप आहेत, विद्यार्थी आहेत, सर्पमित्रांचे जाळे आहे. शेतकऱ्याला सर्पदंशाने किंवा विंचूदंशाने मरण आले तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठीची कागदपत्रे तालुक्याला जमा होतात, म्हणजे माहितीचा एक स्रोत तिथेही पडून आहे. हे पुस्तक हाती घेणाऱ्या तरुण डॉक्टरांना आणि संशोधकांना विनंती एवढीच की पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक दंशाची नोंद ठेवा: गाव, वेळ, ओळखता आला तर साप, दवाखान्यात पोहोचायला लागलेला अवधी, लागलेल्या कुप्या आणि रुग्णाचे काय झाले. बिरवाडीत १९७६ मध्ये वहीच होती. जळगाव-धुळ्यात आज तिच्याहून बरेच काही आहे.